गेलं का नाही गेलं?

यूआय डिझाइन, म्हणजे फोन-संगणकावरच्या स्क्रीनची मांडणी, शिकवणारे मराठी व्हिडिओ हल्ली बरेच दिसतात. बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो: रंगसंगती, फॉन्ट, मोकळी जागा, सुसंगती आणि शेवटी फिगमा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये जेवण मागवायचं एक अ‍ॅप. सांगतात ते चुकीचं नसतं. फक्त त्या अ‍ॅपमधलं नेटवर्क कधी जात नाही, कुणाचं आडनाव लांबलचक नसतं, सगळे फोटो एकाच उंचीचे असतात आणि बटण दाबलं रे दाबलं की पुढची स्क्रीन हजर होते. शिकणाऱ्याला वाटतं, डिझाइन म्हणजे ही चार देखणी चित्रं. माझं म्हणणं असं, की ही चित्रं म्हणजे कामाचा सोपा भाग. वाट बघायला लावणारी स्क्रीन, रिकामी यादी, अर्धवट गेलेला व्यवहार, दोनदा दाबलेलं बटण यांचं काय करायचं ते ठरवणं हे खरं काम, आणि नेमकं तेच सगळ्यांत शेवटी, डेडलाइनच्या आदल्या रात्री उरकलं जातं.

मी मूळची डीटीपीवाली, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावणारी. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, निवडणुकीची पत्रकं. पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आणि श्रीलिपी हे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर यांवर हात बसला, मग वेबसाइटच्या मांडण्या आल्या, मग अ‍ॅप. सध्या एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठीच्या अ‍ॅपचं काम करते आहे. संस्थेचं नाव सांगत नाही, त्याची इथे गरजही नाही.

पुण्या-मुंबईच्या ज्या वाचकांना पिग्मी माहीत नसेल त्यांच्यासाठी: एजंट रोज दुकानोदुकानी फिरतो, दुकानदार पन्नास, शंभर, पाचशे असे जमेल तेवढे देतो, एजंट पावती देतो आणि संध्याकाळी सगळा भरणा संस्थेत करतो. उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं ही पद्धत १९२८ मध्ये सुरू केली, दोन आण्यांपासून. आजही सांगलीच्या गणपती पेठेत सकाळी उभं राहिलात, तर एजंट ओळखू येतात. खांद्याला पिशवी, हातात छोटं मशीन. त्या मशीनला रबरी बटणं असतात आणि पावती टर्रर्र करत बाहेर येते.

हा ‘टर्रर्र’ मला फार उशिरा ऐकू आला असं नाही, पण अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीला तो अजिबात ऐकू आला नव्हता. त्यांनी मशीनच्या जागी फोन दिला. स्क्रीन सुंदर होती. रक्कम टाका, हिरवं बटण दाबा, एक गोल फिरतो, मग ‘यशस्वी’ अशी पट्टी खालून वर येते आणि दोन सेकंदांत जाते. आता एजंट फोनकडे कधी बघतो? बटण दाबल्यावर तो नोटा मोजत असतो, दुकानदाराशी बोलत असतो. पट्टी येऊन गेलेली असते. एका काकांनी मला पेठेतच अडवून विचारलं, “ताई, बाकी कायबी असू दे, हे गेलं का नाही गेलं एवढंच सांगा की.”

स्क्रीन वापरायला सोपी कशी होते याचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सनच्या १९९४ च्या दहा सूत्रांमधलं पहिलं सूत्र हेच आहे: यंत्राची आत्ता काय अवस्था आहे, ते वापरणाऱ्याला दिसलं पाहिजे. कॉलेजात हे एका ओळीत शिकवतात आणि पुढे जातात. त्या एका ओळीत किती काय भरलेलं आहे ते पैशाच्या अ‍ॅपमध्ये कळतं. एक दशांश सेकंदाच्या आत प्रतिसाद मिळाला, तर माणसाला वाटतं आपणच ते केलं. एक सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंद गेले, की लक्ष दुसरीकडे. म्हणून बटणानं बोटाखाली लगेच रूप बदललं पाहिजे, मग सर्व्हरचं, म्हणजे संस्थेच्या मध्यवर्ती संगणकाचं, उत्तर यायला पाच सेकंद लागोत. ते लगेचचं रूप नसेल तर माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. लिफ्टचं बटण आपण सगळेच पुन्हा दाबतो, फरक इतकाच की लिफ्ट दोनदा येत नाही आणि पाचशे रुपये दोनदा जमा होऊ शकतात.

दोनदा जमा होऊ नयेत म्हणून ‘बटण एकदा दाबल्यावर बंद करा’ हा सर्वमान्य उपाय आहे आणि तो अपुरा आहे. नेटवर्क मधेच गेलं, अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं, तर बटण पुन्हा जिवंत होतं. खरा बंदोबस्त आत करावा लागतो: नोंद तयार होतानाच फोननं तिला स्वतःचा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरनं दुसरी नोंद करायची नाही. हे प्रोग्रामरचं काम, डिझायनरचा काय संबंध, असं मला एकदा ऐकवण्यात आलं. संबंध असा, की हा बंदोबस्त असला तरच मी स्क्रीनवर ‘शंका असेल तर पुन्हा पाठवा’ असं बटण देऊ शकते. नसेल, तर मला ‘कृपया थांबा, पुन्हा दाबू नका’ असं लिहावं लागतं. अशा पाट्या तुम्ही पैसे भरायच्या पानांवर पाहिल्याच असतील. आतलं काम झालेलं नसतं, म्हणून ती भीती गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलेली असते.

मग अवस्था किती दाखवायच्या? कंपनीच्या चित्रात दोन होत्या, यशस्वी आणि अयशस्वी. पेठेतल्या तळघरातल्या गाळ्यांत नेटवर्क येत नाही, तिथे तिसरी अवस्था असते: नोंद फोनमध्ये सुरक्षित आहे, पण संस्थेत पोहोचलेली नाही. तिला अयशस्वी म्हटलं तर एजंट पुन्हा नोंद करणार, यशस्वी म्हटलं तर संध्याकाळी हिशेब जुळणार नाही. इथे मी सरळ व्हॉट्सअ‍ॅपची खूण उचलली. एक टिक म्हणजे फोनमध्ये जमा, दोन टिक म्हणजे संस्थेत जमा. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. लोक आपल्या अ‍ॅपपेक्षा दुसरीच अ‍ॅप जास्त वापरतात, तेव्हा त्यांना सवयीचं असेल ते घ्यावं. नावीन्याची हौस भागवायला लोगो आहेच. टिकच्या जोडीला रंगही आहे, पण नुसत्या रंगावर काही टांगलेलं नाही, कारण तांबडा-हिरवा फरक न कळणारे पुरुष दिसतात त्यापेक्षा बरेच जास्त असतात आणि आमचे बहुतेक एजंट पुरुष आहेत.

आणि आवाज परत आणला. ब्लूटूथ प्रिंटर जोडलेला असेल तर पावतीचा आवाज होतोच, नसेल तर फोन थरथरतो आणि टिंग वाजतो. अयशस्वी झालं तर थरथर लांब. खिशात टाकताना सुद्धा कळतं. दुकानात ‘इतके रुपये प्राप्त हुए’ ओरडणारा डबा एवढा का चालला, याचं उत्तर यातच आहे. दुकानदाराचे हात आणि डोळे दोन्ही गुंतलेले असतात, मोकळे असतात ते कान.

आता बोटांकडे येऊ. १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं मांडलेला नियम सगळ्या पुस्तकांत असतो: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोहोचायला वेळ जास्त. अ‍ॅपल किमान ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी (ही स्क्रीनवरच्या बटणाची मापं); गूगलचं माप म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. हे आकडे टेबलाशी बसून फोन दोन हातांत धरणाऱ्या माणसाला पुरतात. एजंटाच्या एका हातात नोटा असतात, फोन दुसऱ्या हातात, दाबायचं त्याच हाताच्या अंगठ्यानं, आणि नोटा मोजताना तो ओला केलेला असतो. ओला अंगठा टचस्क्रीनला मानवत नाही. म्हणून आकड्यांच्या कळा फोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर न सोडता आम्ही स्वतःच्या काढल्या, स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागात, ठसठशीत. ‘जमा करा’ सगळ्यांत खाली, पूर्ण रुंदीचं. वर कोपऱ्यात जे आहे ते रोज लागत नाही.

‘पुसा’ आणि ‘जमा करा’ मात्र शेजारी नाहीत आणि एका आकाराचेही नाहीत. यामागची गोष्ट मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची बी-१७ बॉम्बर विमानं नीट उतरल्यावर धावपट्टीवर पोटावर बसायची. वैमानिक फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, आत घ्यायला जायचा आणि चाकंच आत घ्यायचा. वैमानिकांची चूक, असा शेरा पडायचा. आल्फोन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिट बघितलं तर दोन्हींचे खटके एकसारखे आणि शेजारीशेजारी. त्यानं चाकाच्या खटक्याला चाकासारखा रबरी गोल लावायला सांगितला आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीच्या आकाराचा तुकडा. प्रशिक्षण नाही, सूचनाफलक नाही. अपघात थांबले. आमच्याकडे बैठकीत “एजंटांना ट्रेनिंग द्यावं लागेल” हे वाक्य आलं, की मी ही गोष्ट सांगते. आता लोक वाक्य अर्ध्यावर सोडतात.

उन्हाचं थोडक्यात सांगते. फिकट राखाडी अक्षरं पांढऱ्यावर लॅपटॉपवर फार सुरेख दिसतात आणि मे महिन्यात बाराच्या उन्हात दिसतच नाहीत. सुगम्यतेच्या, म्हणजे सगळ्यांना वापरता यावं यासाठीच्या, आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातल्या फरकाचं प्रमाण किमान ४.५ ला १ सांगितलेलं आहे. डिझायनरांचा लाडका राखाडी, ज्याच्या कोडमध्ये सहा वेळा ९ येतो, तो ३ ला १ सुद्धा भरत नाही. आम्ही जवळजवळ काळा घेतला. “जुनाट दिसतंय” असा अभिप्राय आला. असू दे.

सगळ्यांत जास्त वाद झाला तो यादीवरून. खातेदारांची यादी कशी लावायची? कंपनीनं खाते क्रमांकानं लावली होती, संस्थेच्या मॅनेजरांना नावाच्या आद्याक्षरानं हवी होती. एजंटांबरोबर फिरल्यावर दिसलं, की त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चिठ्ठी असते आणि तिच्यावर तिसराच क्रम असतो: चौकातून सुरुवात, डावी बाजू, भांड्याचं दुकान, त्याच्या वरचा शिंपी, मग टोकाला जाऊन उजवी बाजू. रोज तोच. खातेदाराचं नाव त्यात कित्येकदा नसतंच; ‘कोपऱ्यावरचा रसवंती’, ‘भांडीवाल्याची बायको’ असं असतं. पाटील सात आहेत, रसवंती एकच. माणसाला आठवायला लावू नये, समोर ठेवून ओळखू द्यावं, हेही त्या दहा सूत्रांतलंच एक. पण काय समोर ठेवायचं, ते सूत्र सांगत नाही, चिठ्ठी सांगते. आता अ‍ॅपमधली यादी फिरतीच्या क्रमानं लागते, बोटानं ओढून क्रम बदलता येतो आणि प्रत्येक खात्याला एजंट स्वतःची खूण लिहू शकतो. ज्याची नोंद झाली तो खाली जातो, त्यामुळे पुढचं दुकान कायम सगळ्यांत वर. त्या एका बदलानं शोधायचा चौकोन जवळपास कुणी वापरेनासं झालं.

शोध तरीही द्यावा लागतो, आणि तिथे माझी डीटीपी कामाला आली. एका एजंटाला ‘कऱ्हाडे’ सापडेनात. यादीत नाव डोळ्यांसमोर, शोधलं तर ‘आढळले नाही’. कारण चंद्रकोरीसारखा तो अर्धा र युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत) दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक ऱ ला हलन्त देऊन, दुसरा साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. संस्थेची जुनी माहिती श्रीलिपीतून बदलून घेतलेली, तिच्यात एक तऱ्हा; फोनच्या कीबोर्डवर दुसरी. शोधण्याआधी दोन्ही तऱ्हा एकाच साच्यात आणायच्या, एवढाच उपाय. गोऱ्हे, कुऱ्हाडे, सगळे सापडायला लागले. इंग्रजीत विचार करणाऱ्या चमूला हे कळायला मार्गच नव्हता, कारण त्यांच्या चाचणीच्या यादीत सगळे शाह आणि मेहता.

देवनागरीचा विषय निघालाच आहे तर. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात ‘मूर्ती’ लिहून बघा. वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. बटणाची उंची नेमकी मापून ठेवली असेल, तर वरचं तरी छाटलं जातं नाही तर खालचं. ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी लागतं. डीटीपीत याला आम्ही लीडिंग म्हणायचो आणि पत्रिकेत ते कमी पडलं, तर छापखान्यातला माणूस पण ओरडायचा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी हौस इकडे आणली की शिरोरेषा तुटते आणि शब्द दाताळ दिसतो. मथळा उठून दिसावा म्हणून इंग्रजीत सगळी अक्षरं कॅपिटल करतात, आपल्याकडे ती सोयच नाही, मग जाडी आणि आकार यांवरच भागवावं लागतं. पाकळीचा ल आणि देठाचा श हवा असेल, तर फॉन्टमध्ये ती रूपं असावी लागतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं. हिंदी सांगितलं की हिंदी वळण येतं. हे न सांगितल्यानं किती मराठी अ‍ॅप हिंदी वळणात बोलतात ते एकदा निरखून बघा.

आकड्यांवर मात्र मी माघार घेतली. मजकूर मराठी, तर आकडेही देवनागरी, असा माझा आग्रह होता. पण पासबुक इंग्रजी आकड्यांत, नोटेवरचा मोठा आकडा इंग्रजी, कॅल्क्युलेटर इंग्रजी, आणि उन्हात लहान आकारातले १ आणि ९ एकमेकांच्या वाटेला जातात. एजंटांनी सांगितलं, आकडे इंग्रजीच ठेवा. ठेवले. स्वल्पविराम मात्र आपल्या पद्धतीनं, लाखाच्या जागी. तयार कोडमध्ये हजारांच्या पटीतला स्वल्पविराम पडत होता आणि सव्वा लाखाचा भरणा वाचताना माणूस अडखळत होता.

मधल्या काळात संस्थेकडून एक सूचना आली: नवीन खातं उघडताना अपघात विम्याची चौकट आधीच टिक केलेली असू द्या, ज्याला नको तो काढेल. मी नाही म्हटलं. मग केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचना दाखवल्या. त्यांत अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार दिलेत, आणि न विचारता टोपलीत वस्तू टाकणं हा त्यांतलाच एक. विषय तिथे संपला. पटल्यामुळे संपला की घाबरल्यामुळे, याच्यात मी गेले नाही.

सध्या अडलंय ते चूक दुरुस्तीपाशी. पाचशेच्या जागी पाच हजार दाबले गेले तर? ‘खात्री आहे का?’ विचारणारी खिडकी आम्ही काढून टाकली, कारण दिवसातून शंभरदा तोच प्रश्न आला की अंगठा न वाचता ‘हो’ दाबतो. त्याऐवजी जमा झाल्यावर रक्कम अक्षरांत, मोठ्या ठशात दिसते, आणि तिच्या खाली काही क्षण ‘मागे घ्या’ असं बटण राहतं. ती वेळ संपायच्या आत नोंद सर्व्हरला जातच नाही. नोंद काढायच्या जुन्या खिडकीत तर ‘नोंद रद्द करायची?’ या प्रश्नाखाली ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणं होती, कुठलं दाबलं की काय होईल ते देव जाणे. आता तिथे ‘५०० ची नोंद काढा’ आणि ‘राहू दे’ आहे.

पण पावती छापून गेल्यावर लक्षात आलं, तर? तिथे पुसणं नाही. हिशेबात पुसापुशी चालत नाही, उलट नोंद करावी लागते, म्हणजे मूळ नोंद राहते आणि तिच्या विरुद्ध दुसरी पडते. एजंटांना हे दिवसअखेरीपर्यंत स्वतः करता यावं असं मला वाटतं, संस्थेला ते शाखेतच व्हायला हवं आहे. तूर्तास तोडगा असा, की एजंट फोनवरून उलट नोंद मागेल, शाखेतून मंजूर होईल, आणि तोवर त्या ओळीवर ‘दुरुस्ती बाकी’ असं दिसत राहील. ऑडिटरसाहेबांना प्रत्येक दुरुस्तीला कारण हवं आहे. त्यांनी दिलेली यादी पानभर होती, मी तिची तीन कारणं केली: रक्कम चुकली, खातं चुकलं, पैसे परत दिले. ‘इतर’ त्यांनी दोनदा मागितलं, दोन्हीदा दिलं नाही. ‘इतर’ ठेवलं की सगळे तेच दाबतात.